मधलं नाव

डंडीत नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
टे नदीवरचा रेल्वेपूल आधी पुसट होतो,
मग नुसता खडखडाट उरतो.
तळघरातल्या आमच्या खोलीत मात्र बारमाही सव्वीस अंश,
झाकणाला जाळी लावलेले डबे,
डब्यांत मोड आलेले बटाटे,
आणि बटाट्यांवर माझे आश्रित:
पिठ्या ढेकूण.
नाशकाकडचे द्राक्षवाले ज्याच्या नावानं बोटं मोडतात
त्याला मी इथं पगार घेऊन पोसतो.

मादी म्हणजे पिठात लोळलेला तीळ.
फारशी हलत नाही. खाते, कापसाची पिशवी विणते,
तीत चारेकशे अंडी ठेवते नि सुकून जाते.
नर चिलटाहून बारका,
दोन पंख, मागे मेणाचे दोन धागे,
आणि तोंडच नाही.
दोन-तीन दिवस उपाशी उडतो.
झालं.

"यांच्यात बाप म्हणजे नुसतं ओझं,"
पहिल्याच दिवशी फियोना मॅकॅस्किल म्हणाली.
मला वाटलं, बाईंचं घरी काही बिनसलंय.
मग तिनं मायक्रोस्कोप माझ्याकडे सरकवला.

नराची पेशी.
पाच गुणसूत्रं आईची, मोकळी, कामाला लागलेली.
पाच बापाची,
गर्भ अजून गर्भही म्हणवत नाही तेव्हाच
गुंडाळून गच्च केलेली:
एक काळपट ठिपका,
माळेतून निसटलेला मणी.
(दिसावा म्हणून कारमाइनचा रंग चढवतो.
तोही यांच्याच भावकीतला एक किडा वाळवून, कुटून काढलेला.
घरचाच आहेर.)

बोलत नाही तो मणी, हुकूम देत नाही.
नर त्याला जन्मभर वागवतो,
आणि बीज घडवायची वेळ आली
की बापाला बाजूला काढून विरघळवून टाकतो.
पोरांच्या हाती लागते ती फक्त आजी.
आणि गंमत पुढेच आहे,
त्या पोरांत मुलगा निघाला तर
तीच आजी त्याच्यात मणी होऊन बसते.
तुम्ही कोण, हे कुणी विचारत नाही तिथं.
कुणाच्या हातून आलात, एवढंच.

मंगळवारी मुलाचा जन्म नोंदवायला गेलो.
काउंटरमागचे मिस्टर लेनक्स, नाकावर घसरलेला चश्मा,
म्हणाले, मधलं नाव?
माझ्या पासपोर्टात तिथं मुरलीधर आहे.
सहीत मी त्याला आवळत आणलाय गेली वीस वर्षं:
आधी मुरली,
मग मु. ,
आता नुसतं टिंब.
तो गेल्याचा फोन आला तेव्हा मी बटाटे बदलत होतो.
सगळे डबे बदलून झाल्यावर वर आलो.

मुलाच्या मधल्या नावात माझं नाव यायला हवं, रीतीप्रमाणे.
रकाना कोराच ठेवा, म्हटलं.
"ठेवतात काही जण," लेनक्स म्हणाले
आणि टाइप करत राहिले.

गुरुवारी फियोनानं दुसरी स्लाइड दाखवली.
नराचंच पोट. आतड्याच्या काही पेशी.
मणी कुठे आहे, विचारलं मी.
"तिथं सुटतो तो.
बाकी अंगभर बंद, आतड्यात मात्र उलगडतो.
का, ते विचारू नकोस,
ठाऊक असतं तर मी या तळघरात नसते."
मी फोकस पुढेमागे केला.
काळं काहीच नव्हतं. सगळं सारखं, फिकट गुलाबी,
कोण कुणाचं ओळखू येईना.

रात्री पिठलं केलं.
मिथिला आतल्या खोलीत बाळाला पाजत होती.
कांदा ओट्यावर ठेवला,
सुरी शोधली नाही,
मूठ आवळून एकच बुक्की.
कांदा पाकळ्या पाकळ्या झाला.
"हे कुठं शिकलास?" आतून आवाज आला.

नळ सोडला. हात धुतले, पुन्हा धुतले.
वास होताच.